नो एरर

भंवरकुव्याला, झेरॉक्सच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर
सकाळी सात ते नऊ मी चुका शोधायला शिकवतो.
बँकवाले, रेल्वेवाले, एसएससीवाले, एका बाकावर चार.

वाक्याचे चार तुकडे : ए, बी, सी, डी.
एकात चूक असते. नाहीतर मग ई, नो एरर.
चुकलं की पाव गुण कापतात.
ई ला गोल करताना पोरांचा हात अडतो.
कुठेच काही चुकलेलं नाही,
यावर इथे कोण विश्वास ठेवणार?

फळ्यावर लिहितो : नायदर ऑफ द टू ब्रदर्स हॅव कम.
मागून आवाज येतो, हॅज, सर, हॅज!
शाबास. नायदर एकवचनी.
मी हॅव पुसतो, हॅज लिहितो.
वाक्य शुद्ध होतं.
भाऊ तरी येत नाहीत.

पंधरा वर्षं झाली, दोघांपैकी एकही आलेला नाही.
लग्नाला येणार होते की वाटणीच्या तारखेला,
पुस्तकात दिलेलं नाही.
तोच तो छत्री हरवलेला म्हातारा दर बॅचला छत्री हरवतो,
मी फक्त त्याच्या छत्रीमागचा ॲन जागेवर ठेवतो.
डिस्कसपुढचा अबाउट उपटतो, गाजरगवतासारखा,
जुलैत पुन्हा उगवलेला असतो.
ॲडव्हाइस मोजता येत नाही म्हटलं
की वर्ग हसतो. प्रत्येकाला एक तरी काका आहे.

रोशनी डावर आलीराजपूरकडची.
घरी भिली, शाळेत हिंदी,
वर माझी हिंदी, जिच्यातून मराठी डोकावते
(हे तीच म्हणाली),
आणि पेपर इंग्रजीत.
तिनं वहीत लिहिलं,
माय फादर इज वेटिंग सिन्स टेन इयर्स.
मी दोन जागी लाल केलं. सिन्स नाही, फॉर.
इज नाही, हॅज बीन.
‘ये बीन का क्या काम, सर?’
म्हटलं, सुरू झालं होतं आणि अजून संपलेलं नाही,
इंग्रजीला दोन्ही एकदम सांगावं लागतं.
तिनं बीनखाली दोन रेघा मारल्या.
बाप कशाची वाट बघतोय, मी विचारलं नाही.
सिलॅबसमध्ये नव्हतं.

मराठीत सगळं आपल्याकडे चालत येतं.
राग येतो, झोप येते, आठवण येते,
पोहता येतं, इंग्रजी येतं.
मला इंग्रजी येतं.
कसं आलं, कुठून आलं, आठवत नाही.
२००९ला दीड गुणानं राहिलो तेव्हा
आलेलंच होतं ते.
सीनियर टू बरोबर होतं, मला संशय आला,
मी सी ला गोल केला.

परवाच्या टेस्टमध्ये रोशनीनं
पाचही वाक्यांना ई दिला.
तीन बरोबर निघाली.
उरलेल्या दोनांत माझे ते भाऊ होते.
विचारलं, हॅव कसं चाललं तुला?
म्हणाली, दोन आहेत ना, सर. दोघांसाठी लिहिलंय.
एक नाही आला, तर दुसरासुद्धा नाही आला.
मी समजावलं. तिला समजलं.
अर्धा गुण कापला.

नऊला खाली उतरलो. बद्रीच्या गाडीवर गर्दी होती.
बद्री म्हणतो, पोहा कैसा बना, भिया?
त्याचा पोहा एकवचनी.
मी म्हणतो, पोहे छान झालेत.
मूठभर शेव तो दोन्ही वचनांवर सारखीच टाकतो.
कुणी कुणाचे गुण कापत नाही.