सहावं पातं

खांदेरीच्या उत्तरेला पहाटे पाच-चाळीसला वारा मेला.
मतलई संपली होती
आणि खारा वारा अजून घरून निघायचा होता.
शीड ओल्या टॉवेलसारखं लटकलेलं.
इंजिन लावलं. बारा मिनिटं चाललं.
मग तो आवाज, विसरलेल्या कुकरचा,
शेजारणीला आधी ऐकू येतो तसला.

मागे वाकून पाहिलं. नळीतून पाणी नाही,
नुसती वाफ, आणि जळक्या रबराचा वास.
बंद केलं.

ओहोटी कुणाला काही विचारत नाही.
तरंगतं ते सगळं घेऊन निघते.
चार वाव पाण्यात नांगर टाकला,
तीनदा घसरला, चौथ्यांदा कशाला तरी धरून राहिला.
पलीकडून न्हावा-शेव्याचं जहाज गेलं,
आडवी पडलेली अख्खी म्हाडा कॉलनी, दिवे न विझवता.

बोट विकताना केरसी पोचखानावालांनी
एक वही फुकट दिली होती,
बोटीचे आजार, तारीखवार.
पहिल्याच पानावर : पेलां चाय, पछी पानुं.
ते आता नवसारीला असतात, दोन्ही गुडघे नवे.
मी चहा केला.
अर्धा सांडला, पायमोज्यावर.

सीकॉक बंद. पंपाचे चार स्क्रू,
तीन तोंडात धरले, चौथा बिल्जमध्ये गेला.
झाकण निघालं तर इंपेलर पार टकला,
सहाच्या सहा पाती मुळातून गेलेली.
दारूखान्याचा लतीफ मिस्त्री म्हणाला होता,
तुटलेलं मोजायचं, बाई.
जे सापडत नाही ते गेलेलं नसतं,
आत कुठेतरी आडवं बसलेलं असतं.

एकतीस वर्षं भायखळ्याच्या इस्पितळात मी एक्स-रे काढले.
श्वास रोखा. सोडा. कपडे घाला.
आत काय आहे ते सांगणारे दुसरे असत.
आता कूलरच्या नळ्यांसमोर मी गुडघ्यांवर,
तोंडात बॅटरी, हातात क्रोशाची सुई.

एक होडी जवळ आली, जय गोल्फादेवी.
काय झाला गो? दोर टाकू?
नको म्हणाले.
एकटीच हाय?
हो.
तो थोडा वेळ बघत राहिला,
बोटीकडे की माझ्या पांढऱ्या केसांकडे, कळलं नाही.
त्यांची लाट माझ्याखालून जाईपर्यंत
नको म्हटल्याचं बरं वाटत होतं.
त्यानंतर नाही.

एक पातं पंपातच होतं. दोन वाकड्या नळीत.
तीन कूलरच्या तोंडाशी, मिठाने चिकटलेली.
सहा!
मोठ्याने म्हणाले. ऐकायला एक गंगाचिल्ली.

जुना इंपेलर होता डब्यात, कडक झालेला.
भांड्याचा साबण लावून,
पाती फिरायच्या बाजूला वाकवून बसवला.
स्क्रू तीनच. चौथ्याच्या जागी सुतळी आणि लांबी.
कळ दाबली.
खोकलं, थांबलं, परत खोकलं,
आणि मागून पाण्याची पिचकारी पडली, घाणेरडी, गरम.
मी तिच्याखाली हात धरून उभी राहिले
जरुरीपेक्षा जास्त वेळ.

नांगर वर यायला अर्धा तास लागला.
प्रॉन्ग्सचा दांडा डावीकडे आला तेव्हा
ती सहा पाती पुन्हा डबीतून काढली, उन्हात.
पाच काळी. लवचिक, माझी.
एक तपकिरी, जाड, नखाने वाकत नव्हतं.

वही चाळली. १९९८, बारा फेब्रुवारी, मांडव्याच्या बाहेर :
छ मांथी पांच. एक पांख नथी जडी.
सहापैकी पाच. एक सापडलं नाही.

म्हणजे माझं एक अजून आत आहे.
म्हणजे इतकी वर्षं त्यांचं आत होतं
आणि बोट चालत होती.

त्यांच्या ओळीखाली आजची तारीख घातली.
लिहिलं : तुमचं सापडलं.
खाली जागा सोडली दोन ओळींची.
तापमानाचा काटा असावा त्यापेक्षा
एक रेघ वर होता,
भाऊच्या धक्क्यापर्यंत तिथेच राहिला.