पांढऱ्यावरचं ऊन

चरईतल्या माझ्या स्टुडिओत आता उरलेत व्हिसाचे फोटो.
पस्तीस बाय पंचेचाळीस, पाठीमागे पांढरा पडदा,
चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, दात नकोत.
विभावरी कर्णिक स्टुलावर बसल्या,
वीज मंडळातून निवृत्त,
एकट्याच निघालेल्या, ग्रीसला.
"हसू नका," म्हटलं तर आणखीच हसल्या.
सातव्या क्लिकला जमलं.

मी प्रिंट कापत होतो, तोवर त्यांनी पेन काढलं.
"तिकडे ऊन फार म्हणतात. फोटोंचं काही सांगा ना."

ग्रीस मी पाहिलंय ते कॅलेंडरवर,
तेही बँकेच्या, मे महिन्याचं पान.
पण पांढऱ्यावरचं ऊन मला विचारा.
एप्रिलात, दुपारी बाराला,
तलावपाळीसमोरच्या चर्चच्या पायऱ्यांवर
फिलोमिना परेराचा पायघोळ गाऊन,
आणि अख्खा रोल राखेत लोळवल्यासारखा.
तिची आई अजून बाजारात मला ओळख देत नाही.

तेव्हा ऐका.
कॅमेऱ्याला पांढरं सोसत नाही,
बिचारा लगेच डोळे बारीक करतो.
भिंत चुन्याची दिसली की उजेड एक घर वाढवा.
बारा ते चार काही काढू नका. जेवा. झोपा.
काढायचाच झाला तर सावलीचा काढा,
खुर्चीची, जाळीची, वाळत घातलेल्या टॉवेलची.
टोपीवाल्या माणसाला म्हणा, हनुवटी वर,
नाहीतर नाकापर्यंत रात्र उतरते.
समुद्राची रेघ सरळ धरा, पाणी सांडतं.
खारा वारा काचेवर बसतो,
पदराने पुसा, नको, पदर नको,
चष्म्याचं फडकं न्या.
आणि सूर्य बुडाला की सगळे उठून जातात.
तुम्ही बसा. वीस मिनिटं.
आपल्या उपवनलासुद्धा तेव्हाच
डोंगर जांभळा होतो
आणि भेळवाला दिवा लावतो.

त्यांनी सगळं टिपून घेतलं
वीजबिलाच्या पाठीवर, मीटर रीडिंग घेतल्यासारखं.

महिन्याने आल्या.
अकराशे फोटो, छापायचा एकच.
एक उतरती गल्ली, चुन्याची भिंत,
टेबलाला उलटी टेकवलेली खुर्ची.
खुर्ची होती, सावली नव्हती.
भिंत राखाडी.
मी काही बोललो नाही,
मॉनिटरवर हळूच उजेड एक घर वाढवला.

"अहो, नको," त्या म्हणाल्या,
"त्या दिवशी ढगच होते. सलग पाच दिवस.
तुम्ही उन्हाचंच सांगितलं होतंत."

उजेड परत होता तिथे नेला.
मॅट कागद, सहा बाय आठ.
प्रिंट हळूहळू बाहेर येताना
बराच वेळ त्या राखाडीकडे बघत राहिलो.
असेलही एखादा ढग
त्या एप्रिलात, चर्चवर.
फिलोमिनाच्या आईला विचारायला हवं.