रंगसूची

युरोपातले एकोणतीस देश
सकाळी नऊच्या आत रंगवून द्यायचेत.
कुणाची वीज कशातून, किती टक्के,
प्रत्येकाला एकेक उभा खांब.

नॉर्वे सोपा. वरपासून खालपर्यंत निळा,
एखादी चिरोटी वाऱ्याची.
फ्रान्सला जांभळा, अणूचा.
डेन्मार्क हिरवट, वारा पडला की
शेजारी वाटी घेऊन जाणारा.
आइसलँडला निळ्याखाली जमिनीची धग,
तिला यादीत रंगच नव्हता,
मी आमच्या तव्याच्या कडेचा घेतला.
पोलंडपाशी अडले.
दगडी कोळशाला काळा, लिग्नाइटला तपकिरी,
एकावर एक रचले
तर अर्ध्याच्या वर खांब भरला.

बाबा पाणी प्यायला उठले. रात्रीचे दोन.
एकतीस वर्षं ट्रॉम्बेला, बॉयलरवर,
बहुतेक तिसऱ्या पाळीत,
अजून दोनला जाग येते.
चष्म्याशिवायच वाकून पाहिलं,
"हा कोण, आपल्यातला?"
पोलंड, मी म्हटलं.
"बरा आहे ना?"
भेंडेकाकांच्या बायपासचं विचारावं तसं.

मग एकेकाची चौकशी.
नॉर्वे म्हणजे आपली खोपोलीच की,
डोंगरावरून पाणी, खाली चाक.
जर्मनीनं शेवटची अणुभट्टी बंद केली
हे त्यांना पटलं नाही.
"चालती भट्टी विझवायची म्हणजे..."
पुढचं पाण्याबरोबर गिळलं.
राखेचा रकाना कुठाय?
राखेचा रकाना नाहीये, बाबा.
"मग कपडे कुठे वाळत घालतात, तेही नसेल."

माहुलच्या अंगाची आमची गॅलरी.
आई पांढरं काही बाहेर टाकत नसे.
चादर झटकताना कंपनीच्या नावानं बोटं मोडायची
आणि पगाराच्या दिवशी
त्याच कंपनीसाठी देवापुढे साखर.

"गावी चिमणीवर अभ्यास केला,
इथे चिमणीखाली नोकरी,
आणि तुझी आई विचारायची
गॅलरीतल्या चिमण्या कुठे गेल्या."
हे शंभरदा सांगून झालंय.
मी शंभरदा हसलेय.

"यात मुंबई घाल."
देश नाहीये तो.
"घाल तर."
तिसावा खांब उभा केला.
निळा, काळा, गॅसचा केशरी,
बाहेरून येते तिला करडा.
टक्के विचारले, ते आठवेनात.
वाफेचा दाब आठवला,
पाळीतले सातही जण आठवले,
सालढाणा, तांडेल, डब्यात रोज बोंबील आणणारा वैती.
"एकदा तारेत शिरली
की तिला गोत्र राहत नाही. ओळखणार कशी?"

खांब राहिला तसाच, बिनआकड्यांचा,
बेल्जियमच्या शेजारी.
सकाळी पुसेन म्हटलं.

जाताना सवयीनं त्यांनी हॉलची ट्यूब बंद केली,
फ्रिजवर तळहात ठेवून
त्याची घरघर जराशी ऐकली,
आणि अंधारात नॉर्वेचा निळा
त्यांच्या बनियनच्या पाठीवर होता,
दारापर्यंत.