थ्री फेज

आमच्या शेडात आता सहा रिक्षा झोपतात.
आधी चार माग होते.

वडगावात, तेग्गीन गल्लीत,
शेवटचा माग भंगारात गेला त्या रात्री
शेजारच्या लोकरी वहिनींना झोप लागेना.
वीस वर्षं खटखटीत झोपलेलं माणूस.
उठून दारात आल्या, म्हणाल्या,
काय गं, कोण गेलं की काय?

माग गेले, खरं वायर राहिली.
भिंतीतनं आलेली थ्री फेजची जाड काळी वायर,
आणि मीटर, हलायचा थांबलेला.
आप्पा रोज त्याच्यासमोर उभे राहायचे,
देवासमोर राहतात तसे नव्हे,
सुट्टी नसताना बंद असलेल्या दुकानासमोर राहतात तसे.

पहिला आला बसू हुद्दार.
रेल्वे गेटपासून ढकलत आणलेली रिक्षा,
बॅटरीत काडीभर जीव,
आत एक म्हातारी आणि तिचं मिरच्यांचं पोतं,
दोघंही उतरायला तयार नाहीत.
अक्का, स्वल्प करंट कोड्री, म्हणाला,
पाणी मागावं तसं.
आम्ही आधी पाणीच आणलं.

आत घेताना पुढचं चाक खड्ड्यात गेलं.
आजोबांच्या हातमागाचा खड्डा.
वर फळी होती, कुजलेली, आम्ही विसरलेलो.
पाय सोडून बसायचे ते तिथं
सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.
म्हातारी वाकून बघत म्हणाली,
कुणाची तरी जागा आहे ही, बाजूनं घ्या.
तेव्हापासून बाजूनं घेतो.

साड्यांच्या हिशेबाची वही होती,
ती उलटी करून मागच्या पानापासून सुरू केली.
बसू, रात्र एक, साठ.
किल्लेदार चाचा, चार तास, चाळीस, बाकी वीस.
महादेवी, अलारवाडची, रिक्षा तिची स्वतःची,
पोरगं मागच्या सीटवर निजवून आणते,
पैशाऐवजी कधी दही.
दही कुठल्या रकान्यात लिहायचं
ते अजून ठरलेलं नाही.

मग हेस्कॉमचा माणूस आला.
त्यानं टॉर्च मारली. सहा रिक्षा, सहा हिरवे दिवे.
कागद बघितला. मागाचं कनेक्शन, मागाचा दर.
मग्ग एल्लि?
आप्पांना कानडी माझ्यापेक्षा चांगलं येतं,
मंड्यातल्या भाजीचा भाव ते कानडीतच पाडतात,
तरी त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.
त्यानं परत विचारलं. मग्ग?
माग. मग्ग.
एका ठोक्याचा फरक,
धोटा या काठाहून त्या काठाला जाताना
जेवढा वाजतो तेवढा.
आप्पांनी खड्ड्यावरची नवी फळी उचलली
आणि बोटानं दाखवलं.
तो बराच वेळ आत टॉर्च मारत राहिला.
त्याच्या आईचा बाप रामदुर्गात विणायचा, हे चहा घेताना निघालं.

दंड काही चुकला नाही. आकडा सांगत नाही.
नव्या मीटरचा अर्ज कानडीत होता,
तो बसूनं भरला, गुडघ्यावर वही ठेवून.
खाली आप्पांनी मराठीत सही केली.
चालली.

आता रात्री चार्जरचे पंखे बारीक घुमतात.
आप्पा रिक्षांच्या मध्ये बाजलं टाकतात.
करंट गेला की गल्लीत आधी त्यांना जाग येते,
मागाच्या दिवसांत यायची तशीच,
आवाजानं नव्हे, आवाज थांबल्यानं.
अंधारात एकेका रिक्षाच्या टपाला हात लावत
मोजत जातात. सहा.
मग बसून राहतात, येईपर्यंत.

पहाटे चारला महादेवी शेडाच्या दारात,
पदर कमरेला, पोरगं खांद्यावर.
किती झालं?
बासष्ट.
मार्केटला जाऊन येण्यापुरतं आहे, म्हणते,
आणि प्लग स्वतःच काढते,
वायर गोल गुंडाळून खिळ्याला अडकवते,
जिथं आधी सुताच्या लडी असायच्या.

लोकरी वहिनींना आता झोप लागते का,
विचारायचं राहिलंय.