दहा मिनिटं

थिओफिलस कॅसल पेन्सिलीला टोक काढतो
मासे साफ करायच्या सुरीने,
फॉर्म मांडीवर ठेवतो, म्हणतो,
आता खोकायचं नाही, बूट घासायचे नाहीत,
दहा मिनिटं डोंगराला बोलू द्यायचं.

दक्षिणेकडे ज्वालामुखीची वाफ,
झाकण नीट न बसलेल्या पातेल्यासारखी.
तिथल्या राखेखाली त्याचं दुकान आहे,
न विकलेले खिळे, रॉकेल, उधारीची वही.
सगळ्यांची एकदम फिटली, म्हणतो,
आणि स्वतःच हसतो.

मी गेल्या जूनपासून त्याच्या हाताखाली.
आधी आवाज शिकले:
साखरचोराची किरकिर,
पंख कापत बसणारा थरथऱ्या,
दुसऱ्यांची अंडी फोडणारा मोतीडोळ्या,
आणि ज्याच्यासाठी हा फॉर्म छापलाय तो,
काळा, पोटाला हळद लागलेला,
हेलिकोनियाच्या पानाला खालून घरटं शिवणारा,
माँटसेराटच्या या चार टेकड्या सोडून
कुठेच नसलेला.
त्याची शीळ कॅसल पूर्वी वाजवून दाखवायचा.
हल्ली नुसता ओठांचा आकार करतो.

चौथ्या थांब्यावर माझ्या लक्षात आलं,
तो झाडांकडे बघतच नाही.
माझ्याकडे बघतो.
माझी भुवई हलली की एक रेघ,
मान जराशी वळली की दुसरी.
कधीपासून, कोण जाणे.
वरच्या पट्टीतले पक्षी
त्याच्या कानांतून एकेक करून उठून गेलेत
आणि त्याने कुणाला सांगितलेलं नाही.

सातव्या थांब्यावर दोन बोलले.
एक घळीपलीकडे, एक अगदी डोक्यावर.
मी चेहरा दगड केला.
का, ते मला अजून सांगता येत नाही.
विचारतो का ते बघायचं असेल,
किंवा वाईटपणाच असेल, साधा.

त्याने शून्य काढलं.
गोल, सावकाश,
आत कुणी झोपलंय म्हणून
दार ओढून घ्यावं तसं.

मग पिशवी उचलली, उतरणीला लागला.
निसरड्या मुळांवर काठी टेकत,
मागे न वळता म्हणाला,
डेलरोझ, सातवा नीट कर.
वरच्याने तुझ्या टोपीवर सही केलीय.

मी टोपी काढून बघितली. ओली होती अजून.

रबर आम्ही कधीच आणत नाही.
पेन्सिल त्याने पाठीमागे हात करून दिली,
आणि मी तिथेच, चालता चालता,
शून्याच्या पोटात
दोन रेघा ओढल्या.