सातांसाठी आरसे

सातच आहेत.
मोजायला वेळ लागत नाही, म्हणून रोज दोनदा मोजते.
बादलीत भिजवलेला भरडा, सुकी कोलंबी,
गाजराचा कीस आणि वर चमचाभर लाल भुकटी.
भुकटी वर्षभर चुकली तर पांढरे पडतील,
धुऊन धुऊन विटलेल्या ओढणीसारखे.
रंग त्यांचा नाही. रंग खाल्लेला आहे.

छीतुभाई त्यांना सुरखाब म्हणतो,
तिकीटखिडकीवरची शारदाबेन हंज,
पाटीवर लिहिलंय फ्लेमिंगो.
माझ्या मराठी शाळेच्या पुस्तकात होता रोहित,
आणि रोहित म्हणून हाक मारली
की कमाटीबागेत आलेल्या सहलीतला
एखादा मुलगा 'ओ' देतोच.

गुडघा उलटा का? मुलं विचारतात.
तो घोटा आहे, बाळा.
गुडघा वर, पिसांच्या आत, कुणाला दिसत नाही.
आणि एका पायावर उभं राहणं तपश्चर्या नव्हे:
वजन नीट तोललं की सांधा आपला आपण धरून ठेवतो,
दुसरा पाय पोटाच्या उबेत.
दोन पायांवर उभं राहायलाच जास्त कष्ट.
(हे मला पंचविसाव्या वर्षी कुणी सांगायला हवं होतं.)

जेवताना डोकं उलटं, वरची चोच खाली,
जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी,
चाळणीत अडकेल ते अन्न.
आमच्या हौदात अडकतं शेवाळ,
एकदा वेफर्सचं पाकीट.

नऊ वर्षं अंडं नाही.
आणंदहून डॉक्टर आले, जगदाळे, घाईत होते.
म्हणाले, सातांना वाटतच नाही आपण पुरेसे आहोत.
यांचा नाच शेकड्यांचा.
माना ताठ, डोकी डावीकडे उजवीकडे,
पंख उघडून मिटायचे, आणि सगळ्यांनी एकदम वळायचं.
सातांत कुणी सुरुवात करतो,
आजूबाजूला बघतो,
आणि पाय खाजवू लागतो.
आरसे लावा, डॉक्टर म्हणाले, आणि गेले.

रावपुऱ्यातलं एक सलून बंद होत होतं, तिथले तीन.
चौथा दांडियाबाजारातून,
आमच्या नाट्यमंडळाच्या रंगपटातला.
चौकटीला बल्बच्या रिकाम्या खाचा,
कोपऱ्यात कुणाची तरी चिकटवून ठेवलेली टिकली.
शेवटच्या प्रयोगाला आम्ही स्टेजवर नऊ होतो
आणि समोर अकरा.
वाक्यं कुणी विसरलं नव्हतं.

पहिले तीन दिवस ते काचेवर भांडले.
चौथ्या दिवशी एकाने मान ताठ केली
आणि पलीकडून कितीतरी माना ताठ झाल्या.
मग जे सुरू झालं ते मी
दुपारचा डबा हातात तसाच धरून पाहिलं.

छीतुभाईने विश्वामित्रीच्या काठची काळी माती आणली,
मगर कुठे आहे ते बघून, तीन टोपल्या.
चोचीने ओढून ओढून त्यांनी दोन ढिगारे रचले,
माथ्यावर वाटीएवढा खळगा.
एक ढिगारा रिकामाच राहिला.
दुसऱ्यावर एक अंडं, खडूसारखं.

एकोणतिसाव्या दिवशी पिल्लू:
राखाडी, चोच सरळ,
कुणाचंच वाटेना.
आईच्या चोचीतून लाल थेंब त्याच्या तोंडात
पडताना पाहून शारदाबेन किंचाळली.
रक्त नाही गं, दूध. बापही पाजतो.
दोघं पाजत राहिले आणि फिके होत गेले,
मानेपासून खाली, दिवसागणिक.
मी भुकटीचे दोन चमचे केले,
साहेबांना न विचारता.

आता आरसे काढा, असं पत्र आलंय.
सलूनचे तिन्ही छीतुभाईने उतरवले.
चौथ्याला मात्र रात्री पिल्लू टेकून झोपतं,
टिकलीच्या जरा खाली.
स्क्रू गंजलेत, निघत नाहीत,
असं मी रजिस्टरात लिहिलंय.
आणि त्याच्या वरच्या ओळीत, पक्षी: आठ.