पंच्याऐंशी

चुंबकाची आणि माझी ओळख जुनी.
उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर.
सुट्टी व्हायच्या आधी बीडाचा कीस वेचायला
फुटक्या लाऊडस्पीकरचं गोल चुंबक
जमिनीवरून फिरवायचो,
काळी दाढी फुटायची त्याला.
ते कधी माझ्यावरच फिरवतील
हे डोक्यात नव्हतं.

दवाखान्यात शिवलीला म्हणते, "अलगाडब्याड्री मामा."
मी हलत नाही.
डाव्या हासळीखाली, जिथं कातड्याच्या आत
चपटी डबी हाताला लागते,
तिथं ती तिचं चुंबक ठेवते. वड्यासारखं, मधे भोक.
मग आतला गडी माझं ऐकणं सोडतो.
जिना चढलो का, भांडलो का, झोपलो का,
काही विचारत नाही, नुसता हाणत राहतो
एका मापानं.
कागदावर रेघा येतात.
पहिल्या वर्षी शंभर.
"नव्वद झालं तर जवळजवळ यायचं.
पंच्याऐंशी झालं की बदलायचं," ती म्हणाली,
तिच्या मराठीत, जी माझ्या कन्नडाएवढीच बरी.
"हे तुमच्या मशीनचं हां. दुसऱ्या कंपनीचं दुसरं.
आणि लगेच बंद पडत नाही. तीन महिने देतंय."

तीन महिने!
आमच्या कारखान्यानं एक दिवस दिला नव्हता.
सोमवारी गेलो तर कुलूप,
आणि वॉचमन दुसरीकडं बघत उभा.

मागल्या खेपेला नव्वद आलं.
मग दिवाळीनंतर तिसऱ्या गेटाजवळ
सायकल हातात धरून चालताना
रस्ता जरा लांब गेला, परत आला.
कुणाला बोललो नाही.

रात्री ट्रंकेतून तेलकट फडकं काढलं.
असलं घरात करू नका म्हणून पुस्तकात छापलंय.
छापलंय खरं,
पण ज्यानं मशीन चालवलंय त्याला
आवाज बदलला की झाकण उघडल्याशिवाय राहवत नाही.
चुंबक ठेवलं. मनगट धरलं. घड्याळ उजेडाकडं.
पंच्याऐंशी.
चुकलं असेल म्हणून परत.
पंच्याऐंशी.

"किती आलं?"
निलव्वा जागी होती.
"नव्वद."
ती उठून बसली. माझा हात स्वतःकडं ओढला.
तिचं माहेर हुक्केरी, शाळा कन्नड चौथीपर्यंत.
चाळीस वर्षं माझ्याशी मराठीत नांदली,
भाजीवाल्याशी मराठीत भांडली,
पण मोजायचं म्हटलं की ती परत त्या शाळेत जाते.
ओठ हलत होते. ऐवत्तोंदु, ऐवत्तेरडु,
मी काट्याकडं बघत होतो,
ती माझ्याकडं नाही, भिंतीकडं.
काटा बारावर आला.

"एंबत्तैदु," ती म्हणाली.
मग थोड्या वेळानं,
"मला खोटं सांगायला हा आकडा मिळाला होय?"

उद्या शिवलीलाला फोन लावायचा ठरलं.
नवी डबी, परत तिथंच चीर, आठ दिवस हात वर नाही.
पैशांचं बोलणं सकाळवर ठेवलं.
"काढ ते आधी छातीवरचं," ती म्हणाली.
काढलं.
आतला गडी हळूहळू माझ्या चालीवर आला.
अंथरुणावर दोघांच्या मधे ठेवायला गेलो
तर तिच्या बांगडीतली सेफ्टीपिन
उडाली
आणि टक् करून त्याला चिकटली.